नाव कंपनीचं, आवाज कंपनीचा

रोज सकाळी दहाला वीस मिनिटं कमी असताना लोरेटा बॅलोग रेडिओ स्टेशनच्या आवारात गाडी लावायची, इंजिन बंद करायची आणि उतरायची नाही. गाडीतला रेडिओ चालू ठेवून ती दहा मिनिटं तशीच बसून राहायची. त्या जुन्या गाडीचा उजवा स्पीकर फाटलेला होता. त्यातून गिटार ऐकू यायची ती पत्रा खरवडल्यासारखी. दुरुस्त करून घे, असं सगळे तिला सांगायचे. ती म्हणायची, रिफायनरीतल्या माणसाच्या ट्रकमधला रेडिओ काही याहून बरा नसतो. त्याला जे ऐकू येतं ते आधी मला ऐकू आलं पाहिजे. मग थर्मासमधली उरलेली कॉफी संपवून ती आत यायची आणि दहा ते तीन बोलायची. एकोणतीस वर्षं.

बोलायची म्हणजे फार बोलायची नाही. दोन गाण्यांच्या मधे वीस सेकंद, कधी त्याहून कमी. नदीवरचा पूल जहाजासाठी उचललेला आहे, ईस्ट साइडच्या लोकांनी दुसरी वाट धरावी. तळ्याकडून वारा सुटलाय, दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनी कानटोपी घ्यावी. काचेच्या कारखान्याने एका सकाळी तीनशे माणसं काढली त्या दिवशी तिने बातमी दिली नाही, हळहळही व्यक्त केली नाही. सलग तीन लांबलचक गाणी लावली आणि नंतर एवढंच म्हणाली, "आज घाई नाही." आमच्या टोलेडो गावात ते वाक्य पुढे कित्येक वर्षं लोक एकमेकांना म्हणत होते.

स्टेशनचं नाव फर्नेस. लोरेटा १९७९ साली तिथे फोन उचलायला लागली आणि त्याच वर्षी माइकवर आली तेव्हा ती बावीस वर्षांची होती. रेकॉर्ड लावणारा माणूस त्या काळी स्वतःच्या मनाने रेकॉर्ड निवडायचा. पूर्ण बाजू वाजवली तरी कोणी विचारत नसे. पाच-सहा वर्षांनी बाहेरगावचा एक सल्लागार आला आणि भिंतीवर वर्तुळ काढून गेला: तासातल्या कुठल्या मिनिटाला काय वाजवायचं. नंतर दुसरा आला, त्याने जुनी गाणी काढून टाकली. तिसऱ्याने नवी काढून टाकली आणि जुनी परत आणली. चौथ्याने एका हॉटेलच्या हॉलमध्ये शंभर माणसं बसवली, त्यांना एकेका गाण्याचे सात-सात सेकंद ऐकवले आणि हातातल्या चकतीवर गुण द्यायला लावले. सात सेकंदांत नापास झालेलं गाणं फर्नेसवर पुन्हा वाजलं नाही. लोरेटा त्या हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ती मला म्हणाली होती, की सात सेकंदांत तर माणूस बूटही काढत नाही.

या सगळ्यांत टिकलेला एक नियम होता. गायिकांची दोन गाणी लागोपाठ लावायची नाहीत. आणि लोरेटाने गायिकेचं गाणं लावल्यावर लगेच स्वतः बोलायचं नाही, कारण मग दोन बायका लागोपाठ होतात. हा नियम तिला एकोणतीस वर्षं पाळावा लागला. तो करणाऱ्या पुरुषांपैकी एकाचंही नाव आज गावात कोणाला आठवत नाही.

नावाचं आणखी एक होतं. बॅलोग हे हंगेरियन आडनाव माइकवर चालणार नाही, असं पहिल्याच आठवड्यात साहेबांनी ठरवलं आणि तिला 'लोरी स्टील' केलं. करारात एक ओळ होती, की हे नाव स्टेशनच्या मालकीचं राहील. आमच्या धंद्यात सगळीकडे तशीच पद्धत. लोरेटाने सही केली आणि घरी जाऊन आईला हसत सांगितलं, की मला भाड्याचं नाव मिळालंय. आईला ते आवडलं नाही. ती म्हणाली, भाड्याच्या घरातून काढतात.

मी तिथे जाहिरातींचं वेळापत्रक लावायचे. कुठल्या गाण्यानंतर गाद्यांची जाहिरात, कुठल्यानंतर टायरची. लोरेटाच्या स्टुडिओच्या काचेपलीकडे माझं टेबल होतं.

२००८च्या ऑक्टोबरात एका बुधवारी आम्हा सगळ्यांना सकाळी आठला विमानतळाजवळच्या हॉटेलात नाश्त्याला बोलावलं. स्टेशन वर्षभरापूर्वी एका मोठ्या कंपनीने घेतलं होतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हॉटेलात बोलावणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लोरेटाने ताटात अंडी वाढून घेतली आणि खाल्ली नाहीत. आम्ही तिथे बसलेलो असताना इकडे स्टेशनची कुलपं बदलत होती, दारं उघडायची आमची कार्डं बंद होत होती. मुख्य कार्यालयातून आलेल्या माणसाने अकरा जणांची नावं वाचली. मला ठेवलं, कारण माणसं नसली तरी जाहिराती लागतात.

लोरेटाने एकच गोष्ट मागितली. दोन मिनिटं. माइकसमोर बसून लोकांना सांगायला, की मी जाते.

"आमच्यात तशी पद्धत नाही," तो माणूस म्हणाला.

पद्धत नव्हती हे खरंच. रेडिओवरच्या माणसाला शेवटचा कार्यक्रम देत नाहीत. तो काय बोलेल याची भीती असते. एकोणतीस वर्षं ज्या बाईच्या तोंडी अख्ख्या गावाची दुपार दिली, तिच्या हाती दोन मिनिटं द्यायला ते घाबरले. आणि गावाला वाटलं काय? की ती न सांगता उठून गेली. त्या दिवशी दहा वाजता, जिथे तिचा आवाज यायचा तिथे, ख्रिसमसचं गाणं लागलं. ऑक्टोबरात. चार दिवस रात्रंदिवस ख्रिसमसची गाणी वाजत राहिली. जुने ऐकणारे वैतागून निघून जावेत म्हणून स्टेशन बदलताना असं काहीतरी वाजवतात; जमीन नांगरण्याआधी पेटवून देतात तसं. पाचव्या दिवशी नवं स्टेशन सुरू झालं: ऑफिसात कोणाला त्रास होणार नाही अशी मऊ गाणी, मधे माणूस नाही. सगळं दुसऱ्या राज्यातल्या एका कॉम्प्युटरवरून.

पण त्या कॉम्प्युटरवाल्यांनी एक चूक केली.

कायद्याने प्रत्येक स्टेशनला दर तासाच्या ठोक्याला आपली ओळख सांगावी लागते: परवान्यावरची चार अक्षरं आणि गावाचं नाव. बस, एवढंच. ती ओळख अनेक वर्षांपूर्वी लोरेटाच्या आवाजात भरून ठेवलेली होती. नव्या लोकांनी गाणी बदलली, जाहिरातींचं संगीत बदललं, भिंतीचा रंगही बदलला. ही पाच सेकंदं बदलायची राहिली. त्यामुळे त्या मऊ गाण्यांच्या मधून, दर तासाला, दिवसातून चोवीस वेळा, हाकललेली लोरेटा गावाला सांगत होती की तुम्ही अमुक स्टेशन ऐकताय, टोलेडो.

हे तिला कळलं ते नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात, दुकानात. ती मांसाच्या काउंटरवर हॅम पातळ कापायला सांगत होती. तिचा चेहरा कोणी ओळखत नसे. आवाज सगळे ओळखत. मागच्या रांगेतल्या एका माणसाने मान वर केली. अंगात डॉकवरच्या कामगारांचं जाकीट.

"तू लोरी ना," तो म्हणाला. "बाकीच्यांना काढलं आणि तू राहिलीस."

ती म्हणाली, मी राहिले नाही, मला पण काढलं.

"रोज ऐकतो की मी. दर तासाला. त्या भिकार गाण्यांच्या मधे. पैसे बरे देतात वाटतं." आणि मग, काउंटरवरच्या पोरीकडे बघत, "हिने माझ्या बापाच्या मयताच्या दिवशी त्याच्या आवडीचं गाणं लावलं होतं. ही तीच."

लोरेटा हॅम तिथेच सोडून बाहेर आली. गाडीतून मला फोन केला. ती ओरडली नाही. मी तिथे अजून बोलतेय का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग विचारलं, तू रोज ऐकत होतीस ना? मी त्यालाही हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

तिने कंपनीला पत्र लिहिलं: आवाज काढा, नाहीतर दोन मिनिटं द्या. उत्तर वकिलाकडून आलं. कामाच्या वेळेत भरलेला आवाज कंपनीचा. लोरी स्टील हे नाव कंपनीचं. ते नाव तिने कुठेही वापरलं, कागदावर, फोनवर, चर्चच्या जेवणाच्या जाहिरातीत, तर दावा लावू. शिवाय सहा महिने पन्नास मैलांच्या आत दुसऱ्या कुठल्या स्टेशनवर बोलायचं नाही. म्हणजे तिचा आवाज त्यांनी वापरायचा, तिने नाही.

ती तेव्हा पहाटेपासून दुपारपर्यंत ईस्ट साइडच्या एका बेकरीत खसखशीच्या गुंडाळ्या भाजत होती. डिसेंबरातल्या एका मंगळवारी एक वाजता ती स्टेशनच्या दारातून आत आली, कोटाच्या बाह्यांना पीठ लागलेलं. स्वागतकक्षाची बाई अकरा जणांत गेली होती, म्हणून तिथेही मीच बसायचे. नवा मॅनेजर ट्रेंट हॉलिस्टर, वय तिशीच्या आसपास, टेक्सासहून आलेला, नेमका तिथेच उभा होता. त्याने तिला ओळखलं, म्हणजे फोटोवरून ओळखलं, आणि म्हणाला की तिला आवारात यायची परवानगी नाही.

"मी कामगार म्हणून नाही आले, राजा," लोरेटा म्हणाली. "मी नागरिक म्हणून आले. सार्वजनिक फाइल बघायचीय."

ट्रेंट माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं, कारण मला हसू येत होतं.

इथल्या कायद्याने हवेतल्या रेडिओलहरी लोकांच्या मालकीच्या. कंपनीला फक्त परवाना. म्हणून प्रत्येक स्टेशनला एक फाइल ठेवावी लागते आणि कामाच्या वेळेत कोणीही आत येऊन ती मागितली तर दाखवावी लागते. आधी वेळ घे म्हणायचं नाही, कशाला हवी विचारायचं नाही. सहसा ती मागायला कुत्रंही येत नाही. फर्नेसमध्ये ती फाइल वीस वर्षं लोरेटाच लावत होती, दर शुक्रवारी, कारण तसलं काम बायकांकडे येतं. ऐकणाऱ्यांची पत्रंही त्या फाइलीत तीन वर्षं ठेवावी लागतात, हे तिला पाठ होतं.

ट्रेंट म्हणाला, उद्या या. लोरेटा म्हणाली, आत्ता. तो म्हणाला, मला विचारावं लागेल. ती म्हणाली, विचार, मी बसते. आणि बसली. त्याने आतून कोणालातरी फोन केला आणि बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

फाइल आणली. तिने पानं उलटली.

"ऑक्टोबरपासून पत्रं नाहीत यात."

"आली नसतील," ट्रेंट म्हणाला.

मी उठले. सामानाच्या खोलीत टपाल खात्याचे पांढरे प्लास्टिकचे चार डबे होते. ट्रेंट मला दोनदा म्हणाला होता, की ते पुढच्या आठवड्यात बघू. मी एकेक डबा उचलून आणला आणि तिच्या पायाशी ठेवला. सहाशे त्रेचाळीस पत्रं. फर्नेसच्या नावाने, लोरीच्या नावाने, काही नुसती 'दहा ते तीनवाली बाई, टोलेडो' अशी. एवढ्या लोकांनी तिला लिहिलं होतं आणि ती दोन महिने बेकरीत समजत होती की गाव तिला विसरलं.

तिने पहिलं पत्र उघडलं, वाचलं, परत पाकिटात घातलं. मग पर्समधून कोरी पोस्टकार्डं काढली. चार-दोन पत्रं तरी असतील म्हणून ती आणलीच होती. दारावरची कुलपं बदलता येतात, ही खुर्ची काढून घेता येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. माइकवरून नाही तर नाही. ती एकेकाला निरोप देणार होती.

मग ती रोज यायला लागली. एक वाजता यायची, नाव-पत्ता वहीत लिहायची, फाइल मागायची, तीन वाजेपर्यंत बसायची. दिवसाला सहा-सात कार्डं. सही करायची तर लोरी स्टील लिहिता येत नव्हतं, आणि लोरेटा बॅलोग कोण ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणून प्रत्येक कार्डाची सुरुवात तिने तशीच केली: 'तुम्ही मला ज्या नावाने ओळखत होता ते नाव आता माझं नाही. पण तुमचं पत्र माझ्यापर्यंत पोहोचलं.' मग त्या माणसापुरतं एखादं वाक्य. शेवटी: 'मला निरोप घेऊ दिला नाही. तो आता घेते.'

स्वागतकक्षात छताला एक स्पीकर होता. दोन वाजता आणि तीन वाजता त्यातून तिचाच आवाज यायचा, ती खाली बसून लिहीत असताना. पहिल्या दिवशी तिचं पेन थांबलं. नंतर थांबलं नाही. बाहेरून आलेला पार्सलवाला एकदा वर बघायचा, एकदा तिच्याकडे, आणि सही घेऊन घाईने निघून जायचा.

जानेवारीच्या शेवटी ट्रेंट दोन कॉफी घेऊन तिच्यासमोर बसला. तो वाईट मुलगा नव्हता, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. वाईट कामं नेहमी बऱ्या मुलांकडूनच करून घेतात. त्याने निरोप आणला होता: आवाज या आठवड्यात काढतो, तीन महिन्यांचा पगार देतो, एका कागदावर सही करायची आणि पुन्हा यायचं नाही.

"आणि दोन मिनिटं?"

त्यावरही मुख्य कार्यालय अर्धं तयार झालं होतं. दोन मिनिटं मिळतील. पण आधी रेकॉर्ड करायची, वकील ऐकणार, मग लावायची.

"रेकॉर्ड करून?" लोरेटा म्हणाली. "माझा आवाज भरून ठेवला की तुम्ही त्याचं काय करता ते दर तासाला ऐकतेय मी. नको. घेऊन जा तुझी कॉफी."

ट्रेंटने खालच्या आवाजात विचारलं, की यातून तिला नेमकं काय मिळणार आहे. कॉम्प्युटर तर तिकडे आहे, इथे कोणी ऐकतही नाही.

"तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही कोणी ऐकतच नाही. ऐकत असता तर पहिल्याच तासाला कळलं असतं, की ज्या बाईला हाकललं ती अजून बोलतेय."

तो उठून गेला. त्या दिवशी तिने अकरा कार्डं लिहिली, इतकं दाबून, की टेबलाच्या लाकडावर अक्षरं उमटली.

आवाज फेब्रुवारीत गेला. कोणी कळवलं नाही. दोन वाजले, गाणं संपलं आणि एका अनोळखी पुरुषाने चार अक्षरं आणि गावाचं नाव सांगितलं, चकचकीत आवाजात, जणू टोलेडो नावाचा शॅम्पू विकायला आहे. लोरेटाने मान वर केली. मला वाटलं, तिला हायसं वाटेल. तिने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, कोणीतरी तिकडचा.  ती म्हणाली, त्याला हे गाव कुठे आहे ते तरी माहीत असेल का गं. आणि पुढचं पाकीट उघडलं.

त्या डब्यांत एका दुपारी तिला एक पत्र लागलं, पत्ता नसलेलं. बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत: तू निदान येते म्हणायला हवं होतंस, लाज वाटली पाहिजे. सहाशेंमधे रागाची पत्रं बरीच होती, त्यांना तिने सगळ्यांत आधी उत्तरं दिली होती. याला देता येत नव्हतं. ते पत्र तिने त्या दिवशी माझ्याकडून झेरॉक्स करून घेतलं, नियमाप्रमाणे, आणि घरी नेलं. मूळ फाइलीतच राहिलं. उत्तरं गेली होती फक्त तिच्याकडून, कंपनीकडून एकालाही नाही. पण पत्रात शिव्या होत्या त्या तिला. हे मला कधी गिळता आलं नाही.

मेमधल्या एका शुक्रवारी पहाटे बेकरीत, भट्टीसमोर, लोरेटा खाली कोसळली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेली. बावन्न वर्षांची होती. सेंट स्टीफन चर्चच्या बाहेर गाड्या नदीपर्यंत लागल्या होत्या. बऱ्याच जणांनी कोटाच्या खिशात पोस्टकार्ड आणलं होतं. एकमेकांना दाखवत नव्हते, नुसता हात खिशात. स्टेशनने त्या दिवशी मऊ गाणी लावली. तिचं नाव घेतलं नाही. कोणतं घेणार होते?

एकतीस पत्रं उरली होती. त्यांची उत्तरं मी लिहिली नाहीत. दुसऱ्याच्या हातचा निरोप तिला चालला नसता. तीन वर्षं झाली की पत्रं टाकून द्यायला परवानगी असते. ट्रेंटच्या जागी आलेल्या माणसाने तीन वर्षं आणि एक दिवस थांबून सगळे डबे मागच्या दारातून बाहेर काढायला लावले. मला. मी काढले.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तीन वाजता तिने फाइल माझ्याकडे दिली, वहीत वेळ लिहिली, कोट घातला. दारातून परत वळली आणि म्हणाली,

"पोस्टात जाशील तर कार्डांची तिकिटं आण गं दोन पाकिटं. फळांच्या चित्राची संपली असतील तर अस्वलाची चालतील."